फायटर माशाचा आहार : यजमानांसाठी सूचना

फायटर मासा घरी आणणाऱ्या मराठी कुटुंबाने पहिल्याच दिवशी एक कटू सत्य पचवावं : या पाहुण्याला आग्रह करता येत नाही. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे पंगतीत 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानात आणखी दोन जिलब्या पडतात. मासा तर 'पुरे' म्हणतच नाही. पुढचा किडा कधी पडेल याची शाश्वती नसलेल्या कुळात तो जन्मला आहे; समोर आलं ते गिळायचं, हा घराण्याचा रिवाज. मग पोट फुगतं, तोल जातो, मासा एका कुशीवर तरंगतो आणि घरात म्हणतात, "सकाळी तर चांगला जेवला होता!"

कुळाविषयी थोडं. हे घराणं मूळचं थायलंडचं. तिथली भातखाचरं आणि उथळ, संथ पाणी हे त्याचं माहेर. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, तेव्हा काचेच्या भांड्यात राहतो म्हणून त्याला ऐरागैरा समजू नये. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या टिपण्यासाठी ही सोय आहे. थोडक्यात, पाहुणा पक्का मांसाहारी. शुद्ध शाकाहारी कुटुंबांनी त्याला आणण्यापूर्वी घरात बैठक घ्यावी. आणल्यावर घेतलेल्या बैठकीत मतभेद होतात आणि मासा मात्र तिकडे उपाशी राहतो. भाताची शितं, पोळीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा, नैवेद्यातला वाटा यांपैकी काहीही त्याला चालत नाही.

रोजच्या जेवणाला दाणेदार खाद्य घ्यावं. पाकिटावरच्या रंगीत माशाकडे पाहू नये, त्याने ते खाद्य खाल्लेलं नसतं. आजोबांचा चष्मा मागून घेऊन मागची बारीक अक्षरं वाचावीत. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाचं, क्रिलचं किंवा कोळंबीचं असावं. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं असेल, तर आपण माशासाठी महागडी चपाती विकत घेतो आहोत असं समजावं. पाकीट छोटंच आणावं. घाऊक स्वस्त पडतं म्हणून किलोभर आणणाऱ्यांनी त्या माशाचं आयुष्य आणि खाद्यातली जीवनसत्त्वं टिकण्याचा काळ, दोन्हींचा हिशेब करावा.

मात्रा : बारीक दाणे, सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात सकाळी बाबा घालतात, शाळेतून आल्यावर मुलं घालतात, आणि दुपारी सगळे झोपले की "बिचारा काचेला तोंड लावून बसलाय" म्हणत आजी घालते. तो तोंड लावून बसतो, कारण माणूस दिसला की खाऊ येतो एवढं तो शिकला आहे. उपाय म्हणून फ्रिजवर तक्ता लावावा आणि घालणाऱ्याने सही करावी. खाद्याची बाटली कुलपात ठेवावी. किल्ली आजीकडे नसावी. (किल्ली आजीकडेच असते, हे गृहीत धरून पुढचं वाचावं.) दोन-तीन मिनिटांत न संपलेला दाणा ड्रॉपरने काढून टाकावा, तो कुजला की पाण्यात अमोनिया होतो, आणि तो माशाला भुकेपेक्षा फार लवकर मारतो.

आता विविधता. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म द्यावेत. नावात वर्म असला तरी हा किडा न चावणाऱ्या माशीची अळी आहे, ही माहिती ऐकून घरातल्या कुणालाही बरं वाटत नाही. अख्खी वडी एका माशाला फार होते. कोपरा कापून वाटीत विरघळवावा. ती वाटी पुन्हा आमटीला वापरू नये. वापरल्यास सांगू नये. फ्रीझरमध्ये खोवलेलं खोबरं आणि मटार यांच्या मधोमध हे पाकीट ठेवायचं असल्याने त्यावर ठळक अक्षरांत 'औषध' लिहिलेलं बरं, विशेषतः श्रावणात. वाळवलेले ब्लडवर्म हाताळताना काहींना शिंका येतात, अंगाला खाज सुटते. हा माशाचा शाप नव्हे, ॲलर्जी आहे.

दुकानात जिवंत ट्युबिफेक्स किड्यांचा लालभडक गुंता दिसेल. तो बहुधा गटाराच्या गाळात वाढलेला असतो आणि सोबत रोग आणतो. घेऊ नये. डासांच्या अळ्या हे माशाचं खरं माहेरचं जेवण. पण त्यासाठी गच्चीत पिंप भरून ठेवणाऱ्यांनी पालिकेच्या कीटकनाशक खात्याला काय सांगायचं, ते आधी ठरवावं. "साहेब, माशासाठी आहे" हे उत्तर पावसाळ्यात ऐकून घेतलं जात नाही. शिवाय माशाने सोडलेली अळी काही दिवसांनी डास होऊन उडते आणि यजमानाला चावते.

आठवड्यातून एक दिवस उपास. इथे मात्र मराठी घराचा अनुभव कुचकामी ठरतो. आपल्या उपासाला खिचडी, रताळी, वऱ्याचे तांदूळ आणि वर केळं लागतं. माशाचा उपास म्हणजे काहीही नाही. बद्धकोष्ठ झालं की उकडून सोललेला मटार द्या, असा सल्ला देणारे भेटतील. मांसाहारी आतड्याला मटार काय कळणार? त्यापेक्षा डॅफ्निया द्यावा. या इवल्या जलचराचं कवच पचत नाही आणि तेच रेचकाचं काम करतं. पुण्याच्या थंडीत हीटर नसेल तर पचन मंदावतं, तेव्हा आधी पाणी २५-२६ अंशांवर आणावं, मग जेवणाचं बघावं.

गावाला जाताना घाबरू नये. धडधाकट मोठा मासा तीन-चार दिवस काही न खाता मजेत राहतो. त्याहून जास्त दिवस असतील, तर शेजारच्या काकूंकडे किल्लीसोबत तारीखवार पुड्या द्याव्यात, एका दिवशी एक पुडी, आणि बाटली स्वतःबरोबर कोकणात न्यावी. काकू जाऊन नवी बाटली आणतात. यावर अजून उपाय सापडलेला नाही.