गॅसकाका

औरंगपुऱ्यात गाडी बंद पडली तर माणसं ढकलायला येतात. गाडीचा एसी बंद पडला तर सल्ला द्यायला येतात. ढकलणाऱ्यांना ‘बास, झालं’ म्हणता येतं. सल्ला देणाऱ्यांत मात्र गॅसकाका असतात.

मे महिन्याची दुपार, पारा चाळिशीच्या वर. पुस्तकांच्या दुकानांसमोर कुणी गाडी लावतो, घामाघूम होऊन उतरतो आणि बायकोला म्हणतो, ‘‘एसी गरम हवा मारतोय.’’ वाक्य हळू आवाजात, घरच्या घरात म्हटलेलं असतं. तरी ते रस्त्यापलीकडे चहा पीत उभ्या असलेल्या काकांना ऐकू जातं. एरवी काकांना कमी ऐकू येतं.

काका सरकारी पाणीपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. नळाला पाणी का येत नाही याची कारणं लोकांना सांगण्यात उभी हयात गेल्यामुळे, जाळीतून गार हवा का येत नाही हे सांगताना ते अडखळत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, जुनी स्कूटर आहे. त्यामुळे त्यांच्या ज्ञानाला अनुभवाची बाधा झालेली नाही.

तपासणीची पद्धत ठरलेली. न विचारता दार उघडायचं, मालकाच्या जागेवर बसायचं आणि लहान पोराचा ताप बघावा तसा उलटा हात जाळीवर धरायचा. डोळे मिटायचे. मग निदान : ‘‘गॅस संपलाय. भरून टाका.’’

‘‘पण काका, जालना रोडला गाडी पळते तेव्हा गार होतो. गुलमंडीच्या गर्दीत उभी राहिली की गरम.’’

‘‘मग गॅसच. पळताना हलतो ना तो!’’

खरं तर ही तक्रार ऐकल्यावर जाणता माणूस आधी गाडीच्या तोंडाशी वाकतो. तिथे कंडेन्सर असतो, गॅसने आतून गोळा करून आणलेली उष्णता बाहेर टाकणारा. गाडी धावते तेव्हा त्याला वारा आयता मिळतो, उभी असते तेव्हा पंख्यावर भिस्त. पंखा बंद असेल किंवा जाळीत धूळ आणि किडे बसले असतील, तर उभ्या गाडीत गरम हवा येणारच. पण काकांच्या वैद्यकात रोग एकच. हवा जोरात पण गरम येते, म्हणजे हीटरचा पडदा अडकलाय? गॅस संपलाय. हवा गार पण मंद येते, म्हणजे केबिन फिल्टर तुंबलाय? गॅस जड झालाय. गाडीखाली पाणी ठिबकतंय? गॅस पातळ होऊन वाहतोय! हे ठिबकणारं पाणी म्हणजे आतल्या गार कॉइलवर हवेतली वाफ गार होऊन झालेलं पाणी, एसी चालू असल्याचा पुरावा. काका तो पुरावा फिर्यादीच्या बाजूने वापरतात.

काकांना इतिहासाचीही आवड आहे. ‘‘पूर्वीचा आर-बारा गॅस काय गार करायचा! आता गॅसात ती मजा नाही.’’ त्या आर-बाराने ओझोनच्या थराचं नुकसान केलं, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार होत गेला आणि गाड्यांत आर-१३४ए आला. हे सांगितलं की काका म्हणतात, ‘‘थराचं सोडा, गार होत होतं की नाही?’’ इतिहासच काढायचा तर अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये एसी दिला, तेव्हा तो बंद करायला इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. तशी गाडी औरंगपुऱ्यात आली असती तर भोवती जत्रा भरली असती आणि पट्टा काकांच्या हातात असता.

फारच वाद झाला तर काका शहरातल्या जुन्या पाणचक्कीवर येतात. ‘‘गारव्याचं शास्त्र आम्हाला शिकवता? तिथल्या हौदाखालचं दालन बघा. वर पाणी, खाली गारेगार. ना कॉम्प्रेसर, ना गॅस!’’ यात चूक काहीच नाही. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत आहे. फक्त ते दालन काळ्या रंगाचं नव्हतं आणि भर दुपारी भाजी मंडईसमोर उन्हात लावलेलं नव्हतं.

शेवटी वरात एसीवाल्याकडे जाते, काका पुढच्या सीटवर. एसीवाला तरुण, मोजकं बोलणारा. निळ्या-लाल घड्याळांचे पाइप जोडतो. गॅस खरंच कमी निघतो. काका मिशीवरून हात फिरवतात. पण पोरगा बॅटरी मारून कंडेन्सरच्या पाइपाचा सांधा दाखवतो. तिथे तेलाचा डाग.

‘‘काका, गॅस काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? बंद पाइपात फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. कॉम्प्रेसरचं तेलपण त्याच्यासंगच फिरतं, म्हणून डाग. पहिले सांधा करू, मग व्हॅक्यूम, मग गॅस.’’

‘‘बरं, पण भरताना थोडा जास्तच मार. उन्हाळा आहे.’’

‘‘जास्त मारला तरी गरमच हवा येईल. बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेत, तेवढाच जातो. काटा आहे माझ्याकडे.’’

काका गप्प बसतात. मग मालकाच्या कानात म्हणतात, ‘‘म्हटलं नव्हतं, गॅस संपलाय म्हणून?’’

काकांचं चालतं याचं कारण काकांपेक्षा आपल्यात जास्त आहे. गळती शोधायला वेळ जातो, पार्ट बदलायला पैसे जातात. नुसता गॅस भरला की स्वस्तात, तासाभरात गारवा येतो आणि गळती बारीक असेल तर काही आठवडे टिकतोही. तेवढ्या आठवड्यांत काकांची कीर्ती चार गल्ल्या पुढे जाते. पुन्हा गरम हवा आली की दोष गॅसला, ‘‘हल्ली भेसळ फार.’’

तेव्हा मंडळी, काकांना चहा जरूर पाजा, त्यांच्याइतक्या आपुलकीने कुणी तुमच्या गाडीत बसणार नाही. पण गॅस भरण्याआधी एसीवाल्याला एकच विचारा : ‘‘आधीचा गॅस गेला कुठून?’’ उत्तर न देता तो सिलिंडर उघडायला लागला, तर समजा की तोही काकाच आहे, आणि गाडी दुसऱ्या दुकानाकडे वळवा.