पाकीट नंतर काढा

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ उमटलं की घरातला माणूस मागे हात घालून वायर हलवतो. दुकानदार नवी वायर विकतो. बिघाड नेमका कुठे आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

पैसे मात्र एकाचेच जातात.

होम थिएटरमध्ये चित्र थेट पडद्यावर येत नाही. प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्समधून आवाज सांभाळणाऱ्या रिसीव्हरमध्ये, तिथून टीव्हीत. मधल्या वायरी एचडीएमआयच्या. प्रत्येक जोडणीवर यंत्रांची आधी बोलणी होतात. मला काय काय दाखवता येतं, हे टीव्ही सांगतो. ती यादी म्हणजे ईडीआयडी. तू अधिकृत आहेस का, असं प्लेअर विचारतो. ती कुलूपकिल्ली म्हणजे एचडीसीपी. ही बोलणी फिसकटली की वायर ठणठणीत असूनही पडदा काळा.

मग वायर बदलून काय साधलं?

पहिला उपाय फुकट आहे. सगळ्या यंत्रांचे प्लग काढा, काही मिनिटं थांबा. आधी टीव्ही सुरू करा, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर. बोलणी नव्यानं होतात आणि बऱ्याचदा चित्र परत येतं. रिमोटनं बंद केलेलं यंत्र पुरतं बंद होत नाही, हे लक्षात कोण घेतो?

दुसरी तपासणीही फुकट. रिसीव्हरचा मेन्यू टीव्हीवर आणा. दिसला, तर रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता चालू आहे. घोटाळा अलीकडे शोधा. नाही दिसला, तर प्लेअर थेट टीव्हीला जोडा. चित्र आलं की प्लेअर सुटला. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार वायरी एकदम उपटणाऱ्याला काय दुरुस्त झालं, ते कधीच कळत नाही.

तिसरी तपासणी : प्लेअर ४के वरून १०८०पी वर आणा. ६० फ्रेमच्या १०८०पी ला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट लागतात, ६० फ्रेमच्या ४के ला जवळजवळ १८. खाली उतरल्यावर चित्र आलं, तर वायर तुटलेली नाही. वरचा भार कुठेतरी पेलत नाही, किंवा ४के चं कुलूप उघडत नाही.

कधी कधी तर दोष फक्त सेटिंगचा असतो. अनेक टीव्हींत एचडीएमआयची पूर्ण क्षमता मेन्यूत जाऊन सुरू करावी लागते. सोनीकडे ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगकडे ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीकडे ‘डीप कलर’. काम एक, नावं तीन.

एकच नाव ठेवायला यांना कोणी अडवलं होतं?

पडदा स्वतःच खूण देतो, ती वाचा. पांढरे ठिपके चमचमले, तर आधी केबलवर संशय घ्या. चेहरे हिरवे-गुलाबी झाले, तर आरजीबी आणि वायसीबीसीआर या रंगपद्धतींचा गोंधळ आहे. बाकी सगळं दिसतं आणि एखाद्याच ॲपवर अंधार होतो, तर एचडीसीपी तपासा. मध्ये लावलेला एक जुना स्प्लिटर एचडीसीपी २.२ जाणत नसेल, तर तोही ४के सिनेमा अडवतो.

या कुलपाचा इतिहासही ऐका. एचडीसीपीच्या पहिल्या पिढीची मूळ किल्ली २०१० मध्ये इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं हे कुलूप घडवणाऱ्या खुद्द इंटेलनं मान्य केलं. चोरांची सोय झाली. रीतसर पैसे भरणाऱ्याच्या पडद्यावर आजही तपासणी चालू आहे.

आता सोन्याच्या मुलाम्याची केबल. ‘रंग खुलतात, साहेब.’ कसे खुलतील? डिजिटल सिग्नल नीट पोचला तर चित्र जसंच्या तसं येतं. नाही पोचला तर ठिपके, तुटकपणा किंवा अंधार. मुलामा गंज रोखतो, कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग आहे. पण रंगाच्या नावानं त्याचे पैसे का घ्यायचे?

‘२.१’ या आकड्यालाही भुलू नका. एचडीएमआय २.१ हे मानक २०१७ मध्ये आलं, कमाल वेग ४८ गिगाबिट. पण त्यातली नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. मानक सांभाळणाऱ्या संस्थेनंच २०२१ मध्ये ते स्पष्ट केलं. म्हणजे १८ गिगाबिटचा टीव्हीही २.१ म्हणून विकता येतो. खोक्यावरचा आकडा सोडा, किती गिगाबिट ते विचारा. केबल घेताना ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेलं आणि स्कॅन करता येणारं लेबल पाहा.

आणि महाग यंत्र म्हणजे निर्दोष यंत्र, हा भ्रमही नको. २०२० मध्ये डेनॉन, मरांट्झ, यामाहा यांच्या नव्या रिसीव्हरमधल्या एचडीएमआय चिपमध्येच दोष निघाला. एक्सबॉक्स सीरीज एक्स या गेमिंग यंत्राचं १२० फ्रेमचं ४के त्यांतून जाईना.

तिथे सोन्याची केबल काय करणार होती?

वळवाच्या पावसात आणखी एक काळजी घ्या. विजा कडाडू लागण्याआधी टीव्हीचा प्लग काढताच, पण डिशची किंवा केबलवाल्याची वायर तशीच राहते. धक्का तिकडूनही येतो आणि सेट-टॉप बॉक्समार्गे एचडीएमआय पोर्ट जाळतो. ती वायरही काढा.

शेवटचं, नवं घर सजवणाऱ्यांसाठी. इंटिरियरवाला केबल थेट प्लास्टरमध्ये गाडून मोकळा होतो. त्याला थांबवा. २००९ मध्ये एचडीएमआयचा वेग १०.२ गिगाबिट होता, २०१३ मध्ये १८ झाला, २०१७ मध्ये ४८. आज गाडलेली केबल उद्या अपुरी पडणारच. भिंतीत रुंद पाइप टाकायला लावा, त्यात ओढायची तार सोडायला लावा. प्रोजेक्टर लांब असेल तर फायबरची केबल घ्या आणि तिची दिशा पाहा. बऱ्याच फायबर केबलींचं एक टोक प्लेअरचं आणि दुसरं पडद्याचं असतं, उलटी ओढली की चित्र नाही.

पाइप असेल तर पुढचा खर्च केबलपुरता.

नसेल तर गवंड्यालाही बोलवा.