मी पितळ घासतो

केटी, टेक्सास
गणपतीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप सौ. आईस,


परवा फोनवर "शेजारी पितळ घासत होतो" म्हटल्यावर तू जी गप्प झालीस, ती मी फोन ठेवेपर्यंत गप्पच. तुझंही बरोबर आहे. गणपतीच्या तोंडावर हंडा, कळशी, समई, परात अंगणात मांडून तू चिंच भिजवलीस की नेमकं तेव्हाच मला तळवली नाक्यावर काम निघायचं. म्हणून हा खुलासा.

शेजारचे आजोबा शिकारी. काडतूस झाडलं की पितळेची पुंगळी उरते. आजोबा ती फेकत नाहीत. साफ करून, मापात आणून, नवी टोपी, दारू, गोळी बसवून पुन्हा वापरतात. स्वतःपुरतं करायला इथे त्याचा परवाना लागत नाही. (बाबांना सांग, आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे हे मला ठाऊक आहे. सुट्टीत येताना मी चॉकलेटंच आणणार आहे.) दारूच्या कपाटाजवळ ते मला फिरकू देत नाहीत. माझ्याकडे एकच खातं: रिकाम्या पुंगळ्या निवडायच्या. तू तांदूळ निवडतेस तसंच, फक्त खड्यांऐवजी चिरलेल्या आणि चेपलेल्या बाजूला काढायच्या.

पहिल्या दिवशी उघड्या हातांनी बसलो. बोटं काळीकुट्ट झाली. सवयीने पँटला पुसणार, तेवढ्यात आजोबा ओरडले. टोपीच्या मसाल्यात बहुधा शिशाचं संयुग असतं. झाडल्यावर त्याची काजळी पुंगळीत बसते, तिथून बोटाला लागते आणि बोटावरून तोंडात जाते. म्हणून त्या गॅरेजात चहा-कॉफी बंद, आमच्या लेकराला, चिऊला प्रवेश बंद, आणि हातमोजे सक्तीचे.

आता हातमोजे आणायचे म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटलं होतं. आधी हिचे बागकामाचे चामडी घेऊन गेलो. त्यात एकेक बोट मुसळाएवढं झालं, बोटभर पुंगळी काही केल्या चिमटीत येईना. शिवाय चामडं काजळी पिऊन बसतं, आणि उद्या ही तेच घालून टोमॅटो तोडणार! कापडी घातले, तर आतून घाम आणि बाहेरून काजळी, दोघांची मध्यावर गाठ. इथली हवा आपल्या घणसोलीसारखीच दमट, पिळले असते तर वाटीभर पाणी निघालं असतं. लेटेक्सचं हिला पुरळ उठतं, म्हणून ते घरातच नको. व्हिनाइलचे इतके ढगळ की थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखं वाटतं.

शेवटी नायट्रिलवर आलो. दातांचे डॉक्टर घालतात ते निळे. त्यांची जाडी 'मिल'मध्ये सांगतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. स्वस्तात मिळाले म्हणून तीन मिलचे आणले, ते पुंगळीच्या काठाला अडकून टरकन फाटले. सहा मिलचे टिकले. मग ऐटीत काळे आणले. आजोबा म्हणाले, काळ्यावर काजळी दिसणार कशी? म्हणून पुन्हा निळे. काढतानाही शिस्त: मनगटाकडून उलटे, सापाने कात टाकावी तसे, आणि थेट कचऱ्यात. मग साबण लावून गार पाण्याने हात धुवायचे. मोज्यासकट फोनला हात लावायचा नाही. शुक्रवारी तुझा फोन तीनदा वाजून बंद झाला, तो त्यामुळे. सुनेवर राग काढू नकोस.

खरी गंमत पुढे आहे. निवडलेल्या पुंगळ्या ते पिंपात घालतात. त्यात पाणी, स्टीलच्या बारीक सळ्या, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर पांढरी पूड. पिंप गरागरा फिरतं आणि तासाभराने पुंगळ्या देव्हाऱ्यातल्या घंटेसारख्या लखलखतात. पूड कसली, म्हणून विचारलं, तर लिंबूसत्त! मी म्हटलं, आमची आई हेच चिंचेने करते, पिंपाशिवाय. आजोबांनी लगेच मेक्सिकन दुकानातून चिंच आणली आणि एक पुंगळी चोळून पाहिली. उजळली. दोन मिनिटं ते गप्प होते.

मग मी विचारलं, अमोनियावालं पॉलिश का नाही? त्यावर त्यांनी जो किस्सा सांगितला तो आपल्याच देशातला निघाला. इंग्रजांच्या फौजेने पावसाळ्यात काडतुसं कोरडी राहावीत म्हणून तबेल्यांत ठेवली, आणि पाऊस सरल्यावर पाहतात तर पितळेला चिरा. दोष निघाला घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाचा. ठोकून-ताणून घडवलेल्या पितळेला तो तडकवतो. 1921 साली हे नीट उलगडलं. मला आपला कल्हईवाला आठवला. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की नाक झोंबायचं ना, तो वास अमोनियाचाच.

तुलाही मोज्यांचा एक खोका पाठवतोय. चिंचेने तुझ्या बोटांच्या चिरा झोंबतात हे माझ्या लक्षात होतं, फक्त नाक्यावरून दिसत नव्हतं. पण माप हवं. तुझी बांगडी दोन-सहाची हे माहीत आहे, मोज्याला ते चालत नाही. अंगठा सोडून पंज्याभोवती दोरा गुंडाळ, चिऊच्या आत्याला तो पट्टीवर मोजायला सांग आणि व्हॉट्सॲपवर टाक. उजव्या हाताचा घे, तो सहसा मोठा असतो.

तुझा,
बाळू