दुरुस्तीचा मुहूर्त

बाथरूमची ओल झिरपत झिरपत बेडरूमच्या स्विचबोर्डापर्यंत आलीय. घरमालकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘बघतो.’ एक तारखेला भाडं जमा झालं नाही, तर मात्र दुपारपर्यंत स्वतःहून फोन. त्या दिवशी त्यांचं नेटवर्क फारच छान असतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ म्हणतं, दुरुस्ती मालकाची; किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही ते हलले नाहीत, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत, वळता करून घ्यावा. झकास! फक्त अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या लेखी भाडेकरूच नसतो. तेव्हा सही करण्याआधी करारात दुरुस्तीचं कलम घालून घ्या. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचं कलम मालकांनी आधीच घातलेलं असतं.