नवख्या उमेदवाराने माईकला तोंड कसे द्यावे

झेडपीटीसीचं तिकीट मिळालं, फ्लेक्स लागले, अभिनंदन. आता मुलाखत. मोठ्या वाहिनीला घाबरू नका. हैदराबादहून ती आदिलाबादेत पोचेस्तोवर मतमोजणी उरकलेली असते. घाबरायचं ते मोबाईलला माईक जोडून मार्केट यार्डात फिरणाऱ्या यूट्यूबवाल्या पोराला. तेलुगू, मराठी, हिंदी, तिन्ही त्याला येतात आणि तुमची सोयरीकही ठाऊक असते.

तेलुगूत अडचणीचा प्रश्न आला की मराठीत शिरावं, मराठीत आला तर ‘देखो भाई’ म्हणत हिंदीत उतरावं, असं तुम्हाला कुणीतरी शिकवलेलं असणार. बेला-जैनदकडे ते चालत नाही. तिथला माणूस तिन्ही भाषांत ऐकून घेतो आणि ‘हा काहीच बोलला नाही’ हे शेजाऱ्याला चौथीत, गोंडीत, सांगून मोकळा होतो.

त्यापेक्षा भूगोलाचा आसरा घ्या. 11 ऑक्टोबर 2016 ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, ते जणू तुमच्याच सोयीसाठी. कोळसा खाण? मंचेरियालला गेली. बासर? निर्मलला. दोन राज्यांत मतदान करणारी ती सीमेवरची गावं? आसिफाबादच्या वाट्याला. रेल्वे मात्र कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. हैदराबादला जाणारी आदिलाबादची गाडी आजही आधी महाराष्ट्रात शिरते, किनवट-मुदखेडचा फेरा घेते, मग निजामाबादकडे वळते. आर्मूरच्या थेट मार्गाचं विचारलं की ‘सर्व्हे’ म्हणा आणि पाणी मागा.

‘भाऊ, सीसीआयचं काय?’ इथे घाई नको. या शहरात सीसीआय दोन आहेत. एक कापूस घेणारी, दुसरी सिमेंटची; त्या फॅक्टरीचं धुराडं थंड होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. कापसाचं विचारलं तर फॅक्टरी सुरू करण्याचं वचन द्या. फॅक्टरीचं विचारलं तर लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव, क्विंटलला 8110 रुपये, ठणकावून सांगा. कित्येकांची पूर्ण मुलाखत एवढ्यावर निघते.

फक्त ती यार्डाबाहेर उरकावी. आत बंडीवर बसलेला एखादा म्हातारा माईकची वाट बघत नाही. तो बोरीतला मूठभर कापूस तुमच्या हातावर ठेवतो आणि विचारतो, ‘सांगा साहेब, ओलावा किती?’ बारा टक्क्यांच्या वर सीसीआय घेत नाही, हे त्याला पाठ आहे. दहा म्हणालात तर काल त्याचा माल परत का गेला ते सांगावं लागेल. चौदा म्हणालात तर तुम्ही व्यापाऱ्याचे. कापूस मुठीत दाबून गंभीर चेहरा करा, वास घ्या, हवामानावर बोला, वाटेल ते करा. पण उत्तरासाठी वळून आपल्या गाडीत बसलेल्या जिनिंगवाल्या शेटजींकडे बघू नका. पोराचा कॅमेरा त्यासाठीच थांबलेला असतो.