खंड्या जेवला नाही

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आत्या आमच्याकडे कोथरूडला राहायला आली, ती एक पिशवी औषधं आणि एक किंडल घेऊन. दिवसभर डोळे त्यातच. पोथी वाचत असेल, असा आमचा समज. चौथ्या दिवशी कोशिंबीर वाढून घेताना ती म्हणाली, "गळा आवळायला चामड्याच्या पट्ट्यासारखं काही नाही बघ." बाबांचा घास हातातच राहिला.

मग उलगडा झाला. तिकडे रहस्यकथांची एक जात आहे, तिला 'कोझी' म्हणतात. आत्यानं त्याचं मराठी केलं होतं, 'गोधडीतले खून'. माणूस मरतो, पण रक्ताचा थेंब दिसत नाही. शिवीगाळ नाही. तपास पोलिसांच्या हातून होत नाही. तो करते एखादी शाळामास्तरीण नाहीतर बेकरीवाली, आणि तिच्या पायात मांजर नाहीतर कुत्रा घोटाळत असतो. मांजरवाल्या आत्याला आवडत नाहीत. "मांजर मदत करत नाही, नुसतं बघतं."

सुसान कोनंटची हॉली विंटर ही तिची पहिली मैत्रीण. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला राहणारी, कुत्र्यांच्या मासिकात सदर लिहिणारी, रावडी आणि किमी या दोन दांडग्या अलास्कन मॅलम्यूटची मालकीण. 1990 साली या मालिकेची सुरुवात झाली ती कुत्र्यांच्या शिकवणीत पडलेल्या खुनानं. दुसरी मैत्रीण लॉरिएन बेरेन्सनची मेलनी ट्रॅव्हिस, कनेक्टिकटातली शिक्षिका. पण तिच्या गोष्टीत आत्याचं खरं दैवत म्हणजे पेग आंटी. पूडल पाळणारी, सगळ्या खानदानाला कामाला लावणारी आणि स्वतः गोड खात बसणारी. का दैवत, ते सांगायला नकोच.

माझी एक भाबडी शंका होती. एवढ्याशा गावात वर्षाला एकदोन खून पडतात, तरी तिथली माणसं शेजाऱ्याकडे केक घेऊन बिनधास्त जातात कशी?

"आपल्या सोसायटीची सभा बघ," आत्या म्हणाली. "खून सोडून सगळं होतं. तरी दिवाळीला फराळाची ताटं फिरतातच ना?"

आणि त्याच आठवड्यात आमचं दूध चोरीला जायला लागलं.

दूधवाला साडेपाचला दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या टाकतो. रोज एकच सापडायची. दूधवाला देवाशपथ दोन म्हणायचा. बाबा म्हणायचे, "जाऊ दे. अर्ध्या लिटरसाठी माणसाशी वाकडं कशाला?" ज्या बाबांनी रद्दीच्या काट्यात शंभर ग्रॅमचा फरक पडला म्हणून रद्दीवाल्याला तीन मजले पुन्हा चढवलं होतं, तेच हे बाबा. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं.

मी मात्र थेट शेरलॉक होम्सकडे गेलो. 1892 सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये रात्री तबेल्यातून घोडा जातो आणि राखणीचा कुत्रा भुंकत नाही. म्हणजे नेणारा ओळखीचा. आमचा खंड्या दाराशीच झोपतो, तोही भुंकला नव्हता. म्हणजे चोर ओळखीचा!

"खंड्या कुणावर भुंकतो?" आत्यानं विचारलं.

अडचण झाली. खंड्या गावठी आहे, स्वभावानं अतिथिशील. कुरिअरवाला, गॅसवाला, मतं मागायला आलेले उमेदवार, सगळ्यांपुढे तो पोट वर करून लोळतो. भुंकतो फक्त आमच्यावर, तेही उशिरा घरी आलं की. होम्सचा नियम आमच्या घरात उलटा लागतो. या हिशेबानं चोर परका होता आणि त्यात सगळं पुणे येत होतं.

मग आत्यानं अगाथा ख्रिस्ती काढली. 1937 सालच्या 'डम्ब विटनेस'मध्ये म्हातारी जिन्यावरून पडते आणि आळ येतो बॉब नावाच्या टेरियरवर, चेंडू जिन्यात टाकला म्हणून. पण तो त्या रात्री घराबाहेरच असतो. "आळ येतो त्या कुत्र्याचं वेळापत्रक आधी बघायचं," आत्या म्हणाली आणि वॉकरचा आधार घेत खंड्याच्या ताटलीपाशी जाऊन उभी राहिली.

ताटलीत सकाळची दूध-पोळी तशीच होती. कडेला मुंगी लागली होती. खंड्या पंख्याखाली तृप्त पसरलेला. आत्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, त्याचं तोंड हातात धरलं आणि मिशांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरं, चिकट काहीतरी आलं. तिनं ते माझ्या नाकाशी धरलं.

"भुंकला नाही ते सोड. तो जेवला का नाही, ते शोध."

खंड्याला सकाळी फिरवायला कोण नेतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आम्ही लिफ्टनं खाली उतरलो. आत्या शालीत, वॉकरच्या पायांना जुने मोजे घातलेले. आवाज होऊ नये, ही तिचीच युक्ती. पंपाच्या खोलीमागे बाबा उकिडवे बसले होते. पुढ्यात आमच्याच हरवलेल्या डब्याचं झाकण, त्यात दूध, आणि झाकणाभोवती चार पिल्लं, चौघांचेही पुढचे पाय दुधात. पिल्लांची आई बाबांच्या पाठीला टेकून बसलेली. खंड्या बाजूला फाटकी पिशवी आतून चाटून साफ करत होता. आम्हाला पाहताच तो भुंकला.

वर भिंतीवर सोसायटीची सूचना लावलेली होती : 'आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालू नये.' खाली सचिवांची सही. सचिव सध्या झाकण सरळ करत होते.

"दादा," आत्या म्हणाली, "कधीपासून?"

बाबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग सूचनेकडे. पँटवरचे पायांचे ठसे झटकल्यासारखे केले.

"दूधवाल्याला उद्यापासून म्हशीचं टाकायला सांगा," ते म्हणाले. "गाईचं पातळ पडतं त्यांना."