फिनलंडला निघालेल्या गुरुजींसाठी काही सूचना

परदेशातल्या भागीदार शाळेला भेट देण्यासाठी आपली निवड झाली, त्याबद्दल अभिनंदन. ही बातमी शक्य तितके दिवस गुप्त ठेवावी. ती स्टाफरूममध्ये पोचली, की 'यांचं वर कुणीतरी आहे' पासून 'तिकडची थंडी तुम्हाला मानवायची नाही हो' पर्यंतचे सगळे आशीर्वाद एकाच मधल्या सुट्टीत पदरात पडतात. पुढील सूचना फिनलंडसाठी आहेत. देश बदलल्यास फक्त तापमान बदलून वाचावे.

१. कागदपत्रे

शेंगेन व्हिसाचे नियम कडक असले तरी छापलेले आहेत. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, यजमान शाळेचे पत्र. एवढे जमवले, की युरोपचा प्रश्न मिटला. खरा प्रवास मुख्याध्यापक ते जिल्हा परिषद असा असतो. अर्ज 'योग्य त्या मार्गाने' जातो, म्हणजे केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तिथून एक झेरॉक्स कमी आहे म्हणून परत आपल्याकडे. सर्वांत अवघड कागद म्हणजे आपल्या गैरहजेरीत वर्ग सांभाळणाऱ्या सहकाऱ्याची लेखी संमती. ती मिळवण्यासाठी परतताना काय आणायचे याची यादी आधीच स्वीकारावी लागते.

तारीख विचारपूर्वक निवडावी. फिनलंडच्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या अगदी सुरुवातीला बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास उघडतात. म्हणजे मे महिना उत्तम: आपल्याकडे सुट्टी, त्यांच्याकडे वर्ग. परवानगी उशिरा मिळून जूनअखेर पोचल्यास शाळा रिकामी सापडेल. तरी घाबरू नये. अहवालात 'शाळेत कमालीची शांतता व शिस्त आढळली' असे लिहिता येते.

२. सामान

पेढे नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. म्हणजे पेढ्याला मज्जाव असला, तरी शाल-श्रीफळातील श्रीफळाला ब्रुसेल्सची मान्यता आहे. सत्काराची परंपरा किती दूरवर पोचली आहे, याची यावरून कल्पना यावी.

भडंग, बाकरवडी आणि शेंगदाण्याची चटणी जरूर घ्यावी. आणि मोजे नवे घ्यावेत. कारण पुढच्या कलमात आहे.

३. पहिला दिवस

शाळेच्या दारातच चपला-बूट काढून ठेवलेले दिसतील. तिथे बऱ्याच प्राथमिक शाळांत मुले आणि शिक्षक दिवसभर मोज्यांवर वावरतात. आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात चपलांची हीच रांग रोज असते, पण तिचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. हिचा काढावा. खाली ओळ द्यावी: 'स्वच्छतेची अभिनव संकल्पना'.

दीपप्रज्वलन शोधू नये, ते नसते. स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शनही नसते. मुख्याध्यापक स्वतः कॉफी ओततात, हातात वेळापत्रक देतात आणि आपल्या कामाला जातात. हा अपमान समजू नये. वर्गात शिरल्यावर मुले उभी राहणार नाहीत, तेव्हा 'बसा' म्हणण्यासाठी उचललेला हात केसांवरून फिरवून खाली घ्यावा. मुले बाईंना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतील आणि बाई ओ देतील. त्या वेळी चेहरा स्थिर ठेवण्याचा सराव घरून करून जावा.

४. निरीक्षण

नियमानुसार दर तासातली किमान ४५ मिनिटे शिकवण्याची. उरलेली पंधरा बहुतेक शाळांत सुट्टीची. सुट्टी झाली की मुले बाहेर. पाऊस असो, बर्फ असो, उणे दहा अंश असो, बाहेर म्हणजे बाहेर. एक शिक्षक चकाकते जाकीट घालून मैदानात उभा राहतो, बाकीचे कॉफी पितात. हा प्रकार दिवसातून अनेकदा घडतो. घड्याळ पाहून पाहून आपल्याला अस्वस्थ वाटेल. 'पोर्शन कधी पुरा करता?' हा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळावा.

हस्तव्यवसायाचा तास चुकवू नये. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा शिलाई मशीनवर पिशवी शिवत असतो. शिवण वाकडी जाते. बाई मागे उभ्या आहेत, त्यांना ते दिसले आहे, पण त्या बोलत नाहीत. मुलगा पिशवी उजेडात धरतो, तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि टाके उसवायला बसतो. पलीकडे एक मुलगी करवतीने फळी कापत असते. तास संपतो तेव्हा पिशवी अर्धीच झालेली असते आणि त्याबद्दल कुणालाही कारणे दाखवा नोटीस निघत नाही.

हे पाहून भारावून जाण्यापूर्वी थोडा इतिहास आठवावा. फिनलंडच्या लोकशाळांत हस्तकला आणली ऊनो सिग्नेउस यांनी, १८६६ साली. आपल्याकडे गांधीजींनी वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगावर उभी असलेली नई तालीम मांडली, ती १९३७ साली. मुले गुरांमागे गेली तर शाळाच कुरणात न्यावी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला करून दाखवले. वर्ध्याच्या शिक्षकाने हे पाहायला हेलसिंकीला जावे यात गैर काही नाही. वर्ध्याहून सेवाग्रामला जायला परदेशभत्ता मिळत नाही.

दुपारी जेवण. १९४८ पासून तिथे शाळेत जेवण मोफत आहे, गरीब-श्रीमंत न पाहता. मुले आपापले ताट वाढून घेतात. गुरुवार असेल तर वाटाण्याचे घट्ट सूप मिळण्याची शक्यता मोठी. त्याला फोडणी नसते. पिशवीतली चटणी आठवा. शिक्षक मुलांशेजारी बसून जेवतो आणि किती मुले जेवली हे अ‍ॅपवर भरायला उठत नाही. इयत्ता पाचवीपर्यंत शंभर ग्रॅम आणि सहावीपासून दीडशे ग्रॅम तांदूळ हा हिशोब ज्याच्या झोपेतही चालतो, त्याला हा घास घशाखाली उतरायला वेळ लागतो.

५. विचारू नयेत असे प्रश्न

'तुमच्या शाळेची तपासणी कोण करतं?' हा पहिला. शाळा-तपासणी त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केली. यजमान गोंधळतात आणि आपल्याला काही मदत हवी आहे का, असे विचारतात. 'टाचण कोण तपासतं?', 'निवडणुकीची ड्यूटी किती दिवस?' आणि 'शेरेबुकात काय लिहितात?' हे प्रश्नही टाळावेत. उत्तर एकच येते: वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, ती मिळवून तो आला, मग पुन्हा पुन्हा काय तपासायचे? हे उत्तर वहीत लिहून घेऊ नये. वही घरी आल्यावर वरिष्ठांच्या हाती पडू शकते.

अगदीच एकटे वाटू लागले, तर 'विल्मा' हा शब्द उच्चारावा. ही तिथल्या शाळांची ऑनलाइन प्रणाली: हजेरी, गृहपाठ, पालकांचे निरोप, सगळे तीत. शिक्षकांचे चेहरे क्षणात आपल्यासारखे होतील. पोर्टलने पिडलेल्या माणसाला देश नसतो.

एका प्रश्नाची तयारी मात्र ठेवावी. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचे गणिताचे गुण २००६ साली ५४८ होते, ते २०२२ साली ४८४ झाले. त्यामुळे ते लोक चिंतेत असतात आणि 'तुमची मुलं गणितात इतकी पुढे कशी?' असे आपल्यालाच विचारतात. २००९च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ७४ जणांत तळाला होते, हे सांगण्याची गरज नाही. आर्यभटाचा उल्लेख करावा आणि कॉफी मागावी.

६. आपला पाठ

आपल्यालाही एक तास घ्यायला सांगतील. वारली चित्र काढून घ्यावे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस होतो, भाषेचा अडसर येत नाही आणि फोटो चांगले येतात. अडचण एकच: प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प बसेल. आपल्या सवयीप्रमाणे दुसऱ्या सेकंदाला उत्तर स्वतःच देऊन टाकू नये. मनात दहापर्यंत मोजावे. आठच्या आसपास कुणीतरी बोलते, आणि ते बहुधा पुस्तकात नसलेले असते.

७. परतभेट

करारानुसार त्यांच्या बाई आपल्या शाळेत येतील. त्यांना शाळेचा नेहमीचा दिवस पाहायचा असतो. तो दाखवणे अशक्य आहे, कारण त्या येणार म्हटल्यावर तो दिवस नेहमीचा राहत नाही. लेझीम पथक सकाळी साडेआठपासून उन्हात उभे करावे. औक्षण, फेटा, शाळा व्यवस्थापन समितीचे मनोगत, सरपंचांचे मनोगत, मग सरपंचांच्या मनोगतावर माजी सरपंचांचे मनोगत. बाई हळूच 'मी मागच्या बाकावर बसून एक तास पाहू का?' असे विचारतील. त्यांना पुढची, पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची द्यावी. तास होणार नाही. तो झाला असता, तर कार्यक्रम कुठे बसवला असता?

८. अहवाल

भेटीचा मूळ हेतू अहवाल हाच होय. पाहिलेल्या गोष्टींचे दोन ढीग करावेत: ज्यांचे बिल होते त्या आणि ज्यांचे होत नाही त्या. पहिल्या ढिगात गोल टेबले, भिंतींचे फिके रंग, वाचनकोपऱ्यातल्या गाद्या. हा ढीग अहवालात जातो. पुढच्या मार्चअखेर जिल्ह्यात काही 'फिनलंड कक्ष' उभे राहतात, त्यांना कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असते.

दुसरा ढीग वगळावा. शिक्षकावर टाकलेल्या विश्वासाला दरपत्रक नाही. सर्वांसाठी एकच शाळा ही सुधारणा त्यांनी १९७२ साली राजधानीत नव्हे, तर उत्तर टोकाच्या लॅपलँडमध्ये सुरू केली आणि हेलसिंकी भागात ती शेवटी, १९७७ साली पोचली. आपल्याकडे सुधारणा मुंबईहून निघते आणि भामरागडला पोचेपर्यंत तिचे नाव बदललेले असते. हेही लिहू नये.

तरीही दुसऱ्या ढिगातली एखादी गोष्ट आणायचाच हट्ट असेल, तर ती पंधरा मिनिटांची सुट्टी आणावी. तिला निधी लागत नाही. तीच तिची अडचण आहे: फुकटच्या प्रस्तावावर सही कोण करणार? म्हणून आधी तिला अभियानाचे रूप द्यावे. भारदस्त नाव, बोधचिन्ह, दोन दिवसांचे तालुकास्तरीय प्रशिक्षण, बॅनर, नोडल अधिकारी. मग मंजुरी लगेच मिळते. सोबत एकच अट येते: प्रत्येक सुट्टीचा जिओ-टॅग फोटो, खेळणाऱ्या मुलांच्या संख्येसह, पुढचा तास सुरू होण्यापूर्वी पोर्टलवर चढवावा. सर्व्हर व्यग्र असतो. मुलांना फोटो चढेपर्यंत रांगेत उभे ठेवावे.